सव्वीस किलोचं पोतं

आमच्या पाचजणींचं एक ठरलेलं आहे. एकीने गोष्ट सांगायला घेतली की दुसरी मध्येच तोंड घालते, तिसरी म्हणते "तसं नव्हतं गं ते", आणि चौथी हसायला लागली की मग खरं काय झालं होतं ते कळतं. तीन-चार वर्षांत असे किस्से इतके साठलेत की माझ्या नवऱ्याने हात टेकलेत. तो म्हणतो, "तुमी तांदूळ वाटायला बसतासा का गप्पा वाटायला?" दोन्ही, असं मी त्याला सांगते. तुम्हाला वेळ असेल तर बसा, चहा टाकते. नसेल तरी बसा.

आधी माणसं सांगते. मी सुरेखा. शाहूपुरीच्या मागच्या गल्लीत आमची दुमजली इमारत आहे. तळमजल्याच्या बोळात माझं साड्यांना फॉल-पिको करायचं मशीन, आणि त्याच्या बरोब्बर समोर शोभाची खानावळ. खानावळ म्हणजे पुढची एक खोली, दोन बाकं आणि बारा माणसं. फक्त दुपारचं जेवण. वर तीन बिऱ्हाडं: लता वहिनी, मुमताज भाभी आणि आक्का. आक्का सत्तरीच्या, सीमेकडच्या गावातल्या. आम्हा सगळ्यांना त्या 'तंगी' म्हणतात, म्हणजे त्यांच्याकडच्या कानडीत धाकटी बहीण. रागावल्या की मात्र शुद्ध मराठीत रागावतात.

शोभाचा नवरा गेला तेव्हा तिची पूजा सातवीत होती. आता पूजा नर्सिंगला आहे, आणि तिचं सगळं शिक्षण त्या बारा ताटांवर चाललंय. माझ्या नवऱ्याच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा मशीन बंद ठेवून मी दवाखान्यात बसले होते. शोभाला मी काही सांगितलं नव्हतं, तरी दोन महिने रोज दुपारी तिचा डबा दवाखान्यात यायचा. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्या बाजूने का बोलते ते विचारायला नको.

*

तर पाकीटबंद तांदळावर, पिठावर, दह्यावर पाच टक्के जीएसटी लागला तेव्हाची गोष्ट. शोभा दहा किलोची पिशवी आणायची. एकदम मोठा माल भरायला हातात पैसे नसायचे, आणि ठेवायला जागाही नव्हती. त्या दिवशी ती दुकानातून आली ती घुम्यासारखी बसून राहिली. तांदूळ वाढला, आटा वाढला, दही वाढलं, तेल आणि गॅस तर आधीपासूनच चढलेले. ताट होतं सत्तर रुपयांचं. ते वाढवावं तर जेवणारे सगळे हमाल, वॉचमन आणि बाहेरगावची शिकणारी पोरं. न वाढवावं तर पूजाची फी कशी भरायची?

लता वहिनींचे यजमान वसंतराव एका कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. नियम पाठ करणं हा त्यांचा छंद. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं की कर फक्त पंचवीस किलोपर्यंतच्या, नाव छापलेल्या बंद पिशवीला आहे. त्याच्या वरच्या पोत्याला नाही.

आक्कांनी सुपारी कातरायची थांबवली.

"म्हंजे थोडं घेणाऱ्याला दंड, आन् पोतं उचलणाऱ्याला माफी व्हय?"

वसंतरावांनी चष्मा पुसला.

"मग आपण पोतंच उचलू की," आक्का म्हणाल्या.

*

लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात आम्ही चौघी गेलो. शोभाला ताटं वाढायची होती, ती आली नाही. दुकानदाराने आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कुणाचं लगीन काढलंय?"

भाभी म्हणाल्या, "लगीन न्हाई ओ, टॅक्स काढलाय."

त्याला बरोबर कळलं. आमच्यासारखे सकाळपासून बरेच येऊन गेले होते म्हणे. त्याने मागून एक पोतं ओढून आणलं आणि अभिमानाने थोपटलं. सव्वीस किलोचं! खास या करापायी गिरणीवाल्यांनी नवीन शिवलेलं. पंचवीसला कर, सव्वीसला नाही, म्हणून एक किलो वर घातलेला. मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं की एक किलो जास्त घेतल्यावर माणसाचे पैसे वाचतात.

पोतं घरी आणायला रामभाऊ हमाल मिळाले. साठीचे, खांदा अजून दगडासारखा. शोभाकडेच जेवतात. आम्हाला वाटलं, ओळखीचे आहेत, हमाली थोडी कमी घेतील. आक्कांनी घासाघीस करून बघितली. रामभाऊ एक रुपया सुटले नाहीत. उलट बोळापर्यंत पोतं आत आणायचे दहा वेगळे घेतले. भाजीवालीकडे दोन मिरच्या वर घेतल्याशिवाय न हलणारा माणूस तो. आक्का म्हणाल्या, "ह्यो माणूस सरणावर बी भाव करंल."

वाटप असं ठरलं होतं: आम्हा चौघींचे चार-चार किलो, शोभाचे नऊ. वाटून झालं आणि पोत्यात एक किलो उरला. तेव्हा लक्षात आलं की हिशेब आम्ही पंचवीसचाच केला होता. तो किलो कोणी घ्यायचा? मी म्हटलं, आक्का घ्या. आक्का म्हणाल्या, मी एकटी जीव. भाभी म्हणाल्या, लता वहिनींकडे पाहुणे आलेत. लता वहिनी म्हणाल्या, आमचं भागतं. अर्धा तास आम्ही चौघी त्या किलोभर तांदळाभोवती बसून होतो. शेवटी तो शोभाच्या वाट्यातच घातला. तेव्हापासून ती रीतच पडली. दर दहा दिवसांनी पोतं येतं आणि वरचा किलो शोभाचा. ज्या किलोने कर माफ होतो तो किलो तिच्या भांड्यात जातो.

*

एक छोटासा किस्सा, माझ्याच फजितीचा. त्या दिवसांत ज्याला त्याला जीएसटीचं नाव पुढे करायची सवय लागली होती. रिक्षावाला जीएसटी, न्हावी जीएसटी. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी पाच रुपयांनी वाढवली आणि तिनेही तेच सांगितलं.

वसंतरावांकडून ऐकलेलं ज्ञान माझ्याकडे ताजं होतं. मी कमरेवर हात ठेवून चार गिऱ्हाइकांपुढे तिला सुनावलं की कोथिंबिरीवर कसलाही टॅक्स नाही, लोकांना फसवू नको.

ती शांतपणे जुड्यांवर पाणी मारत होती. म्हणाली, "कोथमिरीवर न्हाय ताई. कोथमीर इकणारीच्या पोरांच्या बिस्किटावर हाय की."

मी पाच रुपये दिले. दुसऱ्या दिवशी तिलाही आमच्या पोत्याबद्दल सांगितलं. आता त्यांच्या मंडईतल्या सहाजणींचं वेगळं पोतं येतं.

*

पहिल्या वाटपाला मी तांदूळ पिशव्यांत बांधला होता आणि मार्करने वर नावं लिहिली होती. 'लता, ४ किलो.' 'भाभी, ४ किलो.' कोणाची कोणती ते कळावं म्हणून, एवढंच. पिशव्या बोळात रांगेने ठेवल्या. वसंतराव दूध घेऊन आले, त्यांनी रांग बघितली आणि त्यांना घाम फुटला.

"हे काय केलंत? पिशवी बंद आहे. वजन लिहिलंय. नाव लिहिलंय. कायदा दुसरं काय म्हणतो?"

मी म्हटलं, "ओ वसंतराव, हे लता वहिनींचं नाव आहे. कंपनीचं नाही."

पण त्यांचं समाधान होईना. माणूस चाळीस वर्षं शिक्के मारत बसला की त्याला स्वयंपाकघरातसुद्धा शिक्का दिसतो. त्यांनी माझ्याकडचं डाग काढायचं औषध मागून घेतलं आणि बोळात उकिडवे बसून पाचही पिशव्यांवरची नावं पुसली. स्वतःच्या बायकोचं नाव पुसताना तेवढे जरा थांबले, असं लता वहिनी सांगतात.

पुढच्या वेळेपासून त्यांनी नियमच घालून दिला. पिशवी नाही, नाव नाही, सगळ्यांनी उघडे डबे आणायचे आणि सर्वांदेखत मोजून घ्यायचं. आम्ही म्हटलं, बरं. आता झालं असं की आमच्या पाचजणींचे डबे एकसारखे. जुन्या साड्यांवर भांडी देणारी बाई आली होती तेव्हा सगळ्यांनी मिळून एकाच मापाचे घेतलेले. नाव लिहायला बंदी! मग व्हायचं ते झालं.

भाभींनी सुनेला ईदला द्यायला हुपरीहून चांदीचे पैंजण आणले होते आणि सुनेच्या नजरेला पडू नयेत म्हणून तांदळाच्या डब्यात तळाला ठेवले होते. त्यावरच नवीन तांदूळ ओतून घेतला. आणि तो डबा उचलून गेल्या आक्का. दोन दिवस भाभींचं जेवणात लक्ष नाही. डबा तीनदा उपसला, कपाटं उपसली. विचारायचं कोणाला? सुनेपासून तर लपवलेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी वरच्या गॅलरीत छुम छुम आवाज आला. आम्हाला वाटलं कोणाची तरी नात आली. बघतो तर आक्का! नऊवारी घोट्याच्या वर धरून, भिंतीला हात लावत, सावकाश चालत आल्या आणि भाभींच्या दारात उभ्या राहिल्या.

"भाभी, तुज्या तांदळाला पाय फुटल्यात बग."

भाभींनी आधी कपाळाला हात लावला, मग आक्कांना मिठीच मारली. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आज आक्का, तुमालाच शोभतंय." आक्का संध्याकाळपर्यंत पैंजण घालून हिंडल्या. लग्नात घालायचे राहून गेले होते, असं त्यांनी मला जिन्यात हळूच सांगितलं. ते त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मला त्या क्षणी वसंतरावांचे आणि त्यांच्या नियमांचे फार उपकार वाटले. अर्थात त्यांना मी तसं सांगितलं नाही, नाहीतर पुढचा नियम आला असता.

*

दह्याचा किस्सा तर लाज वाटावी असा आहे. दह्याच्या कपावर कर लागल्यावर आम्ही ठरवलं, विकतचं बंद. दूध कट्ट्यावर म्हशी आपल्यासमोर पिळून देतात त्या गावात राहून दही विकत कशाला आणायचं? सगळ्याजणी घरी लावायला लागलो. एकीचं विरजण संपलं की दुसरीकडून चमचाभर आणायचं.

एका सकाळी भाभींनी सगळ्या दह्याची कढी केली आणि विरजण मागायला लता वहिनींकडे गेल्या. लता वहिनींनी आदल्या दिवशी श्रीखंड केलेलं, त्या माझ्याकडे आल्या. माझ्याकडचं शेवटचं दही नवऱ्याने भातावर घेतलं होतं, मी आक्कांकडे गेले. आक्का शोभाकडे गेल्या. आणि शोभा? शोभा पातेलं हातात घेऊन भाभींच्या दारात उभी!

पाच घरांत मिळून चमचाभर दही नव्हतं. प्रत्येकीने दुसरीच्या भरवशावर शेवटचं खाल्लेलं. पाच पातेली दूध कोमट होऊन बसलं होतं. शेवटी मी खाली जाऊन दहा रुपयांचा दह्याचा कप आणला, कर भरलेला.

आक्का म्हणाल्या, कपाचे पैसे मी देते, पण टॅक्स सगळ्यांनी वाटून घ्यायचा. वसंतरावांनी तोंडी हिशेब केला: दहाच्या कपात कर जेमतेम पन्नास पैसे, म्हणजे माणशी दहा. आम्ही हसून सोडून दिलं. आक्का आत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि त्या दहा पैशाचं एक जुनं नाणं घेऊन आल्या. ते वसंतरावांच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "सरकारला सांगा, आक्कानं तिचा भरला."

वसंतरावांनी ते नाणं देवापुढे ठेवलंय. अजून आहे.

*

शोभाला वरच्या किलोचा पत्ता वर्षभर लागला नव्हता, असं आम्ही समजत होतो. वाटपाच्या वेळी ती ताटं वाढत असायची, तिचा डबा आम्हीच भरायचो आणि सांगायचो, पोत्याच्या तळाला कणी राहते, ती तुला घातली. ती 'बरं' म्हणायची.

शोभाला कोणी फुकट दिलेलं चालत नाही. मागे एकदा मी तिच्या पूजाचे दोन ड्रेस शिवून दिले, तर महिनाभर दुपारची भाकरी तिनेच पाठवली, मला थापू दिली नाही. त्यामुळे आम्ही खोटं बोलताना फार काळजी घ्यायचो. भाभी तर म्हणायच्या, रोज्यात खोटं बोलायला नको, त्या महिन्यात तेवढं तुम्ही बोला.

एकदा पोतं वाटायच्या दिवशी दुपारी सुट्टीला घरी आलेली पूजा चार वाट्या घेऊन वर आली. तांबडा रस्सा. पुढच्या पोत्याला परत चार वाट्या. कधी रस्सा, कधी खिमा, श्रावणात पिठलं. चार-पाच वेळा असं झाल्यावर मी शोभाला गाठलं आणि विचारलं, हे पोत्याच्या दिवशीच बरं सुचतं तुला?

ती भाकरी थापत होती. मान वर केली नाही.

"वीस वर्सं तांदूळ शिजवतोय मी. कणीचा भात मऊ पडतो. तुमच्या कणीचा मोकळा कसा काय हुतो, ते आधी सांगा."

मी वर जाऊन तिघींना हे सांगितलं. लता वहिनींनी डोळ्याला पदर लावला. आक्का रश्श्याची वाटी बोटाने निपटत होत्या. म्हणाल्या, "किलोभर दिला आन् पातेलंभर आला. ह्यात आपण कुणाला फशिवलं गं तंगी?"

*

एवढं करूनसुद्धा शोभाचं भागत नव्हतं, हे आम्हाला दिसत होतं. एका पोत्याने काय होणार? तेल, डाळ, साबण, गॅस, पूजाच्या वसतिगृहाचा खर्च. ती दुपारी ताटं आवरल्यावर बाकावर बसून राहायला लागली. मग एक दिवस माझ्याकडे आली आणि म्हणाली की तिला एका मॉलमध्ये पॅकिंगचं काम मिळतंय, खानावळ दिवाळीला बंद करते. मी तिच्यावर ओरडले. मला दुसरं काही येत नाही. रडू येण्याआधी मी ओरडते, हे माझ्या घरी सगळ्यांना माहीत आहे.

मी म्हटलं, आधी दर वाढव. सत्तरचे ऐंशी कर. बोर्ड मी रंगवून देते. आणि त्याच दुपारी मी पत्र्याच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: 'आजपासून ताट ८० रु.'

शोभाने पाटी भिंतीला लावली, पण उलटी. अक्षरं भिंतीकडे, कोरी बाजू माणसांकडे.

मी विचारलं तर म्हणाली, आज नको, पहिली तारीख आहे, लोकांचे पगार व्हायचेत. पगार झाले. मग म्हणाली, वॉचमनचं पोरगं आजारी आहे, या आठवड्यात नको. मग परीक्षा आल्या, शिकणाऱ्या पोरांचं कशाला टेन्शन वाढवायचं. मग रामभाऊंचा खांदा दुखत होता आणि त्यांना काम कमी होतं. तीन आठवडे 'आजपासून' लिहिलेली पाटी भिंतीकडे तोंड करून होती. जेवणारे तिला टेकून बसायचे. त्यांना वाटायचं, पाठीला रंग लागू नये म्हणून लावलीय.

रामभाऊंचं तेव्हाही रोजचं चालूच होतं. आमटी पातळ झाली, कांदा बारीक चिरलाय, भाकरी कालच्यापेक्षा लहान दिसतेय. मला इतका राग यायचा की मशीनवर चुकीच्या रंगाचा दोरा जायचा. एकदा मी बोलणार होते. शोभाने डोळ्यांनी गप्प केलं.

*

आता शेवटचा. हा मी मशीनवर बसून, पायडल थांबवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला आहे.

मंगळवार होता. बाराही माणसं बसलेली, शोभा ताटं वाढून आत भाकरीला गेली. रामभाऊ उठले, हात धुवायला जातात तसे. त्यांनी पाटी खिळ्यावरून काढली, उलटी केली, वाचली. बाकीच्यांना दाखवली. रामभाऊ माझ्याकडे आले आणि साडीवर खुणा करायचा खडू मागितला. मी दिला. त्यांनी ऐंशीवर आडवी रेघ मारली, खाली 'शंभर' लिहिलं आणि पाटी सरळ करून खिळ्याला अडकवली. मग येऊन आपल्या ताटापुढे बसले.

शोभा भाकऱ्यांची परात घेऊन बाहेर आली. पाटी बघितली. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी नाही.

"कुणी लिवलं ह्ये?"

"मी," रामभाऊ म्हणाले.

"पुसा."

"न्हाय पुसत."

शोभा म्हणाली, शंभर घ्यायला माझं काय हॉटेल आहे का? पाटीवर ऐंशी लिहिलंय, तेही अजून मी लावलेलं नाही. त्यावर दुसरा एक हमाल म्हणाला, मग पंच्याण्णव करा. शोभा म्हणाली, ऐंशीच्या वर एक रुपया घेणार नाही. वॉचमन म्हणाला, नव्वदच्या खाली आम्ही देणार नाही. शोभाने परात बाकावर आदळली आणि म्हणाली, ब्याऐंशी. शिकणाऱ्या पोरांतला एक, जो कधी मान वर करून बोलत नाही, तो म्हणाला, "काकू, त्र्याण्णव."

त्यांच्या भांडणात मजा अशी होती की अर्धा बोळ जमला. वरून आक्का, भाभी, लता वहिनी जिन्यात येऊन उभ्या. वसंतराव कोणाची बाजू घ्यावी ते न कळून दोन्हीकडे मान डोलवत होते.

शोभा म्हणाली, "ऐंशीला जेवायचं असंल तर जेवा, न्हाईतर उठा."

कोणी उठलं नाही आणि कोणी जेवलंही नाही. बाराच्या बारा ताटं वाढलेली, बारा माणसं मांडीवर हात ठेवून बसलेली. आमटीवर साय धरायला लागली. शोभाला जगात काहीही चालेल, ताटातलं निवलेलं चालत नाही.

रामभाऊ हळू आवाजात बोलले. त्यांचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

"ताई, दिवाळीला बंद करणार हायसा म्हणं. शंभर देऊन आमी मरत न्हाय. तुमी दार लावलासा तर आमी जेवायचं कुठं, तेवढं सांगा की."

शोभा आत गेली. आतून नळाचा आवाज आला, बराच वेळ. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. तिने पाटीकडे बघितलं, ताटांकडे बघितलं, आणि भाजीबाजारात शेवटचा भाव सांगतात तशी म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी. आता बास. जेवा आदी."

"अठ्ठ्याऐंशी," रामभाऊ म्हणाले आणि पहिला घास घेतला. मग म्हणाले, "आमटी पातळ झालीया."

दिवाळी गेली, दुसरीही गेली. पूजा यंदा शेवटच्या वर्षाला आहे. दर अजून तोच आहे. परवा एक नवीन माणूस जेवायला आला, हातकणंगल्याचा. पैसे देताना तो म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी हा काय दर झाला ओ? ह्या लोकांनी लईच पाडलेला दिसतोय."

शोभा सुटे मोजत होती.

"त्येंनी न्हाय पावणं," ती म्हणाली. "त्येंनी चढवला. मी पाडला."